वहिनीचा पाठ

ज्या हिवाळ्यात दादा आणि वहिनी मॉरिशसला जायची तयारी करत होते, त्या हिवाळ्यात आमच्या घरात कुणाला सरळ चालता येत नसे. बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीतलं आमचं भाड्याचं घर तसंही अरुंद. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर अण्णांची एकच खोली, आणि तिच्यावर छत. त्यात जिन्याच्या पायऱ्यांवर ताम्हनं आणि पळी-पंचपात्री वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली, बरामद्यात दर्भाच्या जुड्या, आणि आईच्या पलंगावर दोन नव्या सुटकेसी आ वासून पडलेल्या. त्यांत रोज काहीतरी भरलं जाई आणि रोज काहीतरी काढलं जाई. गोड्या मसाल्याचा वास सकाळी सुरू व्हायचा तो दुपारपर्यंत हटत नसे. आईच्या मते त्या बेटावर दगडफूल मिळणार नव्हतं, आणि दगडफूल नसेल तर आमटीला आमटी म्हणता येत नाही. माघातलं धुकं गंगेवरून वर येऊन गल्लीत अडकून बसे, समोरच्या पत्र्यावर बंदरांच्या, म्हणजे माकडांच्या, उड्यांचा धडधडाट चाले, आणि त्या सगळ्यातून वहिनीचा आवाज येई, "आई, हिरवी साडी घेऊ की नको? तिकडे बारा महिने गर्मी असते म्हणतात."

मॉरिशसमध्ये मराठी माणसांची जुनी वस्ती आहे. त्यांचे खापरपणजोबा उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले आणि तिथलेच झाले. तिथल्या एका गावातल्या गणपतीच्या देवळातले पुरोहितबुवा आता थकले होते. तरुणपणी ते काशीला येऊन अण्णांच्याच गुरुजींकडे दोन वर्षं शिकून गेले होते, त्या ओळखीवर त्यांनी अण्णांना पत्र लिहिलं. देवळाने भारतातून एक तरुण जोडपं वर्षभरासाठी बोलवायचं ठरवलं होतं. नवऱ्याने पुरोहितबुवांच्या हाताखाली पूजाविधी करायचे, बायकोने मुलांना स्तोत्रं आणि मराठी शिकवायचं, सणावारांचा नैवेद्य बघायचा. काम मनासारखं झालं तर पुढे तिथेच राहता येईल. पत्रात या सगळ्याला 'इंटर्नशिप' म्हटलं होतं. आई शेवटपर्यंत 'इंटरशिप' म्हणत राहिली आणि त्यात बोटीचा काहीतरी संबंध आहे असं धरून चालली. अटी दोनच होत्या. दोघांचीही परीक्षा होईल, आणि दोघं नवरा-बायको असली पाहिजेत.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि या दुसऱ्या अटीने मला जाळून काढलं होतं.

त्याचं कारण सांगायचं तर अण्णांबद्दल सांगायला हवं. ते पाठशाळेत वेद शिकवत. बोलणं कमी, पण उच्चार असा की त्यांच्या तोंडून ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला कुणी ऐकला नाही, असं आमच्या सगळ्या वस्तीत म्हणत. दादाला त्यांनी आठव्या वर्षी समोर बसवलं. रोज पहाटे वरच्या खोलीतून दोघांचे आवाज येत, आधी अण्णांचा, मागून दादाचा, आणि मी जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून आईने दिलेलं काही ना काही निवडत असे. थंडीत मटार, उन्हाळ्यात तांदूळ. दार लोटलेलं असे. दादाला जे दहादा घोकावं लागे ते मला तिसऱ्यांदा ऐकून येई. वेद बायकांनी म्हणायचे नसतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते घरात हवेसारखं होतं. पण स्तोत्रांना तर कसलीच आडकाठी नव्हती. तरी अण्णांनी मला कधी "आत येऊन बस" म्हटलं नाही. पुढे कॉलेजात मी संस्कृत घेतलं, त्यात पहिली आले, तेव्हा त्यांनी पेढे आणले. पण ते फळ्यावरचं संस्कृत होतं. वरच्या खोलीतलं नव्हे. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्यांनी मला नाकारलं असतं तर मी भांडले तरी असते. त्यांच्या ते मनातच आलं नाही, आणि एखाद्याच्या मनात न आलेल्या गोष्टीवरून भांडायचं कसं?

आणि आता वहिनीला आत बोलावणं आलं होतं.

वहिनी मुगलसरायची. तिचे वडील रेल्वेत, त्यामुळे ती रेल्वे कॉलनीत वाढली. बी.कॉम. झालेली, हसरी, मराठी बोलायची पण निम्मी हिंदी. घरात येऊन तिला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. संस्कृतचा तिला गंध नव्हता. त्यात आमच्या इकडच्या बोलीत 'श' टिकतच नाही, शंकराचा संकर होतो आणि शीशीची सीसी. वहिनीही तशीच बोलायची आणि स्वतःच हसायची. "मतलब मला दोन्ही सेमच ऐकू येतात, काय करू?" अशा मुलीला अण्णांनी एका सकाळी जिन्यातून हाक मारली, "वैशाली, वही घेऊन वर ये." दादाचा लहानपणीचा पाट त्यांनी स्वतः पुसून तिच्यासाठी मांडला होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा पाहिलं. चहा ठेवला, खाली आले, आणि उगाचच पाण्याचा तांब्या घेऊन परत वर गेले.

पुरोहितबुवांनी तिच्यासाठी एक खास पाठ नेमला होता, अण्णांच्या गुरुजींनी रचलेलं गंगेचं अष्टक. ते छापलेलं कुठे नव्हतं. गुरुजींच्या शिष्यांना तेवढं पाठ होतं, आणि त्या बेटावर मुलांचा वर्ग त्यानेच सुरू होत असे. अण्णा एकेक ओळ सांगत, वहिनी वहीत लिहून घेई आणि म्हणून दाखवी. ती चुकली की अण्णा थांबत, परत सांगत. दादाला ते अशा वेळी पळीने पाटावर ठोकत. वहिनीला ठोकलं नाही. एकदा तिने काहीतरी भलतंच म्हटलं आणि अण्णा हसले. मी पायरीवर मटार सोलत होते. अण्णांचं हसू मी मोजून चार-पाच वेळा ऐकलं असेल, आणि त्यातलं एकही माझ्यामुळे नव्हतं. त्या दिवशीचा निमोना, मटारची ती आमटी, खारट झाली, कारण मीठ मी दोनदा घातलं होतं. आई म्हणाली, "लक्ष कुठे असतं तुझं?"

दादाचंही तसंच. आधी रविवारी सकाळी तो आणि मी चौकात कचौडी-जिलेबी खायला जात असू, थंडीत कुल्हडमधलं मलइयो, केशराचा तो फेस तोंडात टाकताच नाहीसा होतो. आता तो वहिनीला घेऊन जाई आणि येताना माझ्यासाठी एक कुल्हड आणी. घरी पोचेपर्यंत फेस बसून त्याचं दूध झालेलं असे. "घे अपू, तुझ्यासाठी," तो म्हणे, आणि मी "नको, दात दुखतोय" म्हणे. दोघं छतावर बसून एका पातळ पुस्तकातून फ्रेंच शब्द पाठ करत, एकमेकांना बोंजूर बोंजूर करत हसत. वहिनीचा पासपोर्ट आला तेव्हा ती तो घेऊन थेट माझ्याकडेच आली. "बघ ना, फोटोत मी कशी बावळट दिसते." मी बघितला. बावळट दिसत नव्हती. पुढचे आठ दिवस तो पासपोर्ट या ना त्या कारणाने माझ्यासमोर येत राहिला. आईला मी एकदा म्हटलं, की मला तर सगळं येतं, मग मी का नाही जाऊ शकत. आई पुऱ्या लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "तुझं लग्न झालं की तूही जाशील कुठेतरी."

परीक्षेला दहा-बारा दिवस राहिले असताना अण्णांच्या छातीत कफ झाला. वैद्यांनी बोलणं बंद करायला सांगितलं. वहिनीचं अष्टक तोवर होत आलं होतं, फक्त रोज घटवून घ्यायचं राहिलं होतं. ती घाबरली. अण्णांच्या पायथ्याशी बसून म्हणाली, "आता माझा पाठ कोण घेणार?"

"अपर्णा घेईल," अण्णा बसक्या आवाजात म्हणाले.

"तिला येतं?"

"ऐकून ऐकून येत असेल."

मी त्यांच्यासाठी गरम पाणी घेऊन दारात उभी होते. त्या एका वाक्याने माझ्यात काहीतरी फिरलं. चौदा वर्षं मी त्या पायरीवर बसले होते, आणि त्यांच्या लेखी ते 'येत असेल' होतं.

अष्टकातल्या प्रत्येक श्लोकाच्या शेवटी गंगेकडे 'सकल मंगल' मागितलेलं आहे. सकल म्हणजे सगळं. तोच शब्द 'श' लावून म्हटला की त्याचा अर्थ तुकडा होतो, फुटलेल्या भांड्याचा असतो तसा. वहिनी हा शब्द बरोबर म्हणत होती. तिच्या 'स'च्या सवयीने का होईना, आठही ठिकाणी बरोबर. पहिल्याच दुपारी छतावर ती म्हणत होती आणि मी तिला थांबवलं. "वहिनी, इथे श आहे. शकल."

ती गोंधळली. "पण अण्णा इथे स म्हणतात ना?"

"तुला नीट ऐकू आलं नसेल. तुझा स-शचा घोळ आहेच."

ती ओशाळून हसली. मी तिच्या हातातून पेन घेतलं, आठही ठिकाणचा स खोडला आणि वर माझ्या अक्षरात श लिहिला. हे मी आज लिहिताना थांबते, कारण त्या वेळचं माझं मन मला पूर्ण आठवतं आणि त्यात रागापेक्षा एक प्रकारचा थंड आनंद होता. परीक्षेच्या आदल्या दुपारी तिने पुन्हा विचारलं, "अपू, ते शकलच आहे ना? पक्का?"

मी म्हटलं, "पक्का."

परीक्षा चौकातल्या एका सायबर कॅफेत होती. तेव्हा घरोघरी संगणक नव्हते, हातातल्या फोनवर माणसं दिसत नव्हती. कॅफेवाल्याने सकाळी अकराची वेळ देऊन कॅमेरा असलेली कोपऱ्यातली केबिन मोकळी ठेवली होती. अण्णा मफलर गुंडाळून आले होते. मला वहिनीनेच ओढून आणलं होतं. "तू समोर असलीस की मला आठवतं," ती म्हणाली होती. प्लायवूडच्या त्या खोपटात दादा-वहिनी पुढे, अण्णा आणि मी मागे स्टुलांवर. पडद्यावर तीन माणसं उमटली. मधोमध पांढऱ्या केसांचे पुरोहितबुवा, एका बाजूला फुलाफुलांचा झगा घातलेल्या आणि मोठं कुंकू लावलेल्या बाई, दुसऱ्या बाजूला देवळाचे एक कारभारी. चित्र मधूनच गोठायचं, मग तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडे.

पुरोहितबुवांनी आधी अण्णांना हात जोडले. दादाची परीक्षा अर्धा तास चालली आणि ती फार छान झाली. मग बाईंनी वहिनीला हळू, जपून मराठीत विचारलं, मोदक येतात का, मुलं आवडतात का. वहिनीने छान उत्तरं दिली. मग ती अष्टक म्हणू लागली. आवाज तिचा गोड, भीती गेल्यावर तर जास्तच. पहिला श्लोक संपला. शकल. माझी नजर अण्णांकडे गेली. त्यांनी डोळे मिटले होते, ते उघडले, आणि ते वहिनीकडे नाही, माझ्याकडे वळले. दुसरा श्लोक. शकल.

"थांब मुली," पुरोहितबुवा म्हणाले. "शेवटची ओळ परत म्हण."

तिला वाटलं आवाज पोचला नाही. तिने अगदी स्पष्ट, 'श'वर जोर देऊन म्हटलं.

"याचा अर्थ काय?"

"सगळं मंगल होऊ दे," वहिनी म्हणाली.

"शकल म्हणजे तुकडा. गुरुजींनी गंगामाईकडे तुकडा मागितला नव्हता. हे तुला कुणी शिकवलं?"

वहिनीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. पाठ विसरल्यावर पुढचा शब्द सुचवणाऱ्याकडे बघतात तसं ती बघत होती. तेवढ्यात अण्णांनी त्यांचं स्टूल पुढे सरकवलं आणि कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणाले, "मी शिकवलं."

"तुम्ही?"

"हो. वय झालं. कान चुकतात आता. तिचा दोष नाही, ती शिकवलं तेवढंच म्हणतेय."

चित्र गोठलं. पुरोहितबुवांचं तोंड अर्धवट उघडं तसंच राहिलं, आणि शेजारच्या केबिनमध्ये कुणीतरी खेळत असलेल्या गाड्यांच्या शर्यतीचा आवाज येत राहिला. मग आवाज आला. "गुरुजींच्या घराण्यात असं ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं." दादाची निवड पक्की होती. वहिनीने दहा दिवसांनी परत म्हणून दाखवायचं होतं. "आणि जमलं तर," ते अण्णांना म्हणाले, अगदी अदबीने म्हणाले, "या वेळी दुसऱ्या कुणाकडून तयारी करून घ्या."

घरी परतताना दादा दोन-तीनदा "अण्णा, पण तुमच्याकडून असं..." म्हणाला. अण्णा म्हणाले, "झालं ते झालं," आणि खोकत पुढे चालत राहिले. आईने वाटेकडे डोळे लावून जेवण झाकून ठेवलं होतं. अण्णा ताटावर बसले, जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "अपर्णा, वैशालीची वही घेऊन वर ये."

त्या खोलीत मी शेकडो वेळा गेले होते, पण काहीतरी ठेवायला किंवा उचलायला. अण्णांनी वही उघडली, आठही पानांवरून बोट फिरवलं. माझं अक्षर त्यांना चांगलंच ओळखू येत होतं. वही मिटून म्हणाले, "आता तू म्हण."

मी उभ्यानेच म्हटलं. आठही श्लोक. एकाही ठिकाणी अडले नाही, आणि शेवटचा शब्द आठही वेळा जसा हवा तसा आला. म्हणून झाल्यावर त्यांनी वही बाजूला ठेवली.

"कधीपासून येतं?"

"सात वर्षांची असल्यापासून."

"हे एकच?"

"सगळंच येतं, अण्णा. दादाला येतं ते सगळं."

त्यांनी मफलर सोडला आणि परत बांधला. मला वाटलं आता ते ओरडतील, आणि मला ते हवंही होतं. पण ते हळूच म्हणाले, "ज्याला येत नाही त्याची चूक होते. ज्याला येतं त्याने असं केलं तर त्याला चूक म्हणत नाहीत. जा, तिला जाऊन सांग. मी सांगणार नाही."

वहिनी छतावर होती. दोरीवरचे कपडे बंदरं ओढतात म्हणून काठी घेऊन बसली होती. रडली होती हे दिसत होतं. मी तिच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. शब्द, वही, का केलं ते. 'का'ला मी पोचले तेव्हा माझं मलाच ते फार लहान वाटलं. तिने काठी खाली ठेवली.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा विचारलं होतं."

"हो," मी म्हटलं.

"अण्णांनी माझ्यासाठी मान खाली घातली. मी तिथे बसून विचार करत होते, की यांना मी काय तोंड दाखवू. आणि तू मागे बसून ऐकत होतीस." मग तिने डोळे पुसले आणि निव्वळ हिंदीत म्हणाली, "अब ठीक से सिखाओ. कल से."

पुढचे दहा दिवस ती रोज दुपारी वही घेऊन यायची, समोर बसायची, पाठ म्हणायची आणि उठून जायची. त्यापलीकडे माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी सुधारलेला प्रत्येक शब्द ती वर जाऊन अण्णांकडून पक्का करून यायची, माझ्यासमोर, लपवून नाही. दादाला मात्र तिने काही सांगितलं नाही. आईलाही नाही. आई मधल्या शुक्रवारी संकठादेवीला नारळ देऊन आली आणि प्रसाद वाटताना म्हणाली, "नणंद-भावजय कशा मन लावून अभ्यास करताहेत." आम्ही दोघींनी प्रसाद घेतला.

दुसऱ्या परीक्षेला अण्णा आले नाहीत. वहिनीने मला तिच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, मागे नाही; मागे दादा बसला. तिने अष्टक म्हटलं आणि ते असं म्हटलं की पलीकडच्या बाईंनी पदर नव्हता तरी हात डोक्याशी नेला. पुरोहितबुवा हसले. "या वेळी कुणी शिकवलं?"

"अपर्णाने," वहिनी म्हणाली. "अण्णांच्या मुलीने. ही."

ते पडद्याच्या जवळ येऊन माझ्याकडे बघू लागले. "शाबास मुली. एवढा शुद्ध पाठ फार दिवसांनी ऐकला." मग कारभाऱ्यांकडे वळून गमतीने म्हणाले, "बापापेक्षा मुलगी सवाई निघाली." तिघंही हसले. दादाही हसला.

हेच तर मला हवं होतं, सगळा जन्म. कुणीतरी जाणत्या माणसाने ऐकावं आणि चारचौघांत म्हणावं. ते आलं तेव्हा अण्णांच्या मानेवर पाय देऊन आलं. मी तोंड उघडलं, सगळं सांगून टाकायला, आणि टेबलाखाली वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं. तिचं बरोबर होतं. मी बोलले असते तर त्यांचं जाणं बिघडलं असतं आणि माझं ओझं उतरलं असतं, एवढंच. मी म्हटलं, "नमस्कार." घरी येऊन अण्णांना मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, कारण लपवणं आता मला झेपणारं नव्हतं. ते पोथी बांधत होते. "सवाई," एवढंच म्हणाले, आणि पोथीची गाठ मारली. पुरोहितबुवांना खरं कळवणारं पत्र मी पुढे लिहिलं, पण फार उशिरा. पत्र पोचायच्या आधीच बुवा गेले. त्यांच्या मनात अण्णांचे कान शेवटपर्यंत चुकलेलेच राहिले.

होळी झाल्यावर दादा-वहिनी निघाले. विमान गाठायची गाडी मुगलसरायहून होती, म्हणजे वहिनीच्या आईवडिलांनाही भेटता येईल. आता त्या स्टेशनचं नाव बदललंय, पण आमच्या तोंडून अजून मुगलसरायच येतं. दादा सामान मोजत होता, आई डब्यात पुरणपोळ्या आहेत हे चौथ्यांदा सांगत होती. वहिनीने मला बाजूला घेतलं. त्या दहा दिवसांनंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली होती, पण नजर देत नव्हती. आता दिली.

"एक सांगू? मी तो पासपोर्ट तुला मुद्दाम दाखवायचे."

मला कळेना.

"मला माहीत होतं तू जळतेस. मला बरं वाटायचं. या घरात आल्यापासून सगळे म्हणायचे, अपर्णाला हे येतं, अपर्णाला ते येतं. आई म्हणायच्या, हे म्हणायचे. मला काहीच येत नव्हतं. एक गोष्ट माझ्याकडे होती जी तुझ्याकडे नव्हती." तिने नाक ओढलं. "तू केलंस ते खराब होतं. मी माफ केलंय असं नाही. पण हे पण तुला माहीत असू दे."

मग गाडी आली आणि चढायची घाई झाली. खिडकीतून दादा हात हलवत होता, वहिनी नव्हती. मग त्याच्या खांद्यावरून तिचं डोकं दिसलं आणि गाडी गेली. माझा मत्सर त्या गाडीबरोबर गेला असं लिहायला मला आवडलं असतं. तो गेला नाही. पहिल्या वर्षी तिचे फोटो यायचे, झाडाखाली चटईवर बसलेली काळीसावळी मुलं आणि मधे ती, तेव्हा मी ते उलटे करून ठेवायची. पण आता त्याच्या शेजारी दुसरंही काही असे. मला माहीत होतं की कुणीतरी माझ्यावरही जळलं होतं, आणि कशावरून, तर मला येत होतं त्यावरून. गेल्या आठवड्यात ती फोनवर म्हणाली, की तिच्या वर्गातली पहिली मुलगी आता तिथे स्वतः शिकवते. आम्ही तासभर बोललो. अजूनही आम्ही एकमेकींना थोड्या घाबरतो, आणि त्यामुळेच बहुधा खोटं बोलत नाही.

स्टेशनहून परतताना टेम्पोत आई पुढे बसून डोळे पुसत होती. अण्णा आणि मी मागे. पूल ओलांडताना त्यांनी नेहमीसारखे गंगेला हात जोडले. मग नदीकडेच बघत म्हणाले, "उद्या पहाटे वर ये. बसून म्हण. दाराआडून ऐकलेलं कुठे कुठे चुकीचं बसलंय ते बघायला हवं."

ती हाक ऐकायला मी चौदा वर्षं थांबले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी होते, त्यांच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला, ते वाट बघत खाकरले तेही ऐकलं, आणि मी पांघरूण डोक्यावरून ओढून पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी मी वर गेले.